कारल्यातली अळी, रेशमाचा कोष आणि 'इम्युनिटी'वाली साखर : हे नेमकं प्रकरण काय आहे?

कारलं उभं चिरलं आणि आत पांढरी, वळवळणारी अळी दिसली की आपल्या घरात काय होतं, हे वेगळं सांगायला नको. अर्धं कारलं कचऱ्यात, उरलेलं मिठाच्या पाण्यात आणि भाजीवाल्याच्या नावानं दोन शब्द. ही अळी असते फळमाशीची. काकडी, दोडका, कारलं अशा वेलावरच्या फळभाज्यांत ही माशी अंडी घालते. अळ्या आतला गर खातात, पोट भरलं की फळातून बाहेर पडून मातीत शिरतात आणि तिथं कोषात जातात.

२०१४ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी ह्याच माशीच्या कोषांतून एक पदार्थ वेगळा काढला. तो उंदराच्या रोगप्रतिकारक पेशींवर टाकला, तर त्या पेशी खडबडून जाग्या झाल्या. आणि हा पदार्थ प्रथिन नव्हता, तेल नव्हतं. ती होती चक्क एक साखर.

सध्या 'अळ्यांची पावडर खा, प्रतिकारशक्ती वाढवा', 'भविष्यातलं सुपरफूड' अशा रील्स फिरतायत. त्यातल्या बऱ्याच दाव्यांच्या मुळाशी असलंच संशोधन असतं. पण प्रयोगशाळेत जे घडलं आणि रीलमध्ये जे सांगितलं जातं, त्यात बरंच अंतर आहे. म्हणून जरा सावकाश समजून घेऊ.

सगळ्यात आधी, साखर म्हणजे कुठली साखर?

चहात घालतो ती नव्हे. ग्लुकोजसारखे साखरेचे छोटे रेणू एकाला एक जोडत गेलं की लांबलचक साखळी तयार होते. तिला म्हणतात बहुशर्करा, म्हणजेच पॉलिसॅकराइड. बटाट्यातला स्टार्च ही बहुशर्करा, कापसाचा धागा ही बहुशर्करा, इसबगोल पाण्यात टाकल्यावर जो बुळबुळीत लगदा होतो तोही बहुशर्करेमुळेच. मणी कुठले, ते कसे ओवलेत आणि माळेला फांद्या फुटल्यात का, यावर ती पचणार, फुगणार की नुसती पोटातून निघून जाणार हे ठरतं.

अळ्यांच्या अंगात मोटामोटी तीन प्रकारच्या बहुशर्करा सापडतात. पहिली ग्लायकोजेन. हा उर्जेचा साठा, तुमच्या-आमच्या यकृतात असतो तसाच. त्यात नवल काही नाही. दुसरी कायटिन, म्हणजे अंगावरच्या कवचाचं सामान. कोळंबीचं सोलपट, खेकड्याची पाठ, झुरळाचं चिलखत हे सगळं कायटिनच्याच जोरावर उभं असतं. गंमत म्हणजे कायटिनचा पहिला शोध लागला तो अळंबीत, १८११ मध्ये, ऑंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला. किड्यांची पाळी नंतर आली.

आणि तिसरी म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, अगदी थोड्या प्रमाणात सापडणाऱ्या, गुंतागुंतीच्या बहुशर्करा. आपल्या गोष्टीतली साखर ती हीच.

जपानमध्ये काय सापडलं?

काढण्याची रीत ऐकायला सोपी आहे. सुकवलेल्या कोषांची पूड करायची, त्यातली चरबी काढून टाकायची, पाण्यात अर्क उतरवायचा, गाळायचा आणि त्यात अल्कोहोल ओतायचं. बहुशर्करा अल्कोहोलमध्ये विरघळत नाहीत, त्यामुळे त्या साक्यासारख्या तळाशी बसतात. खरी मेहनत त्याच्यापुढे असते. त्या साक्यातून एकेक रेणू वेगळा करत, प्रत्येक वेळी 'पेशी जाग्या झाल्या का' हे तपासत जायचं.

असं करत करत जो रेणू हाती लागला त्याला नाव दिलं 'डिप्टेरोज'. माश्यांच्या गणाचं शास्त्रीय नाव डिप्टेरा, त्यावरून. ग्लुकोजच्या एका रेणूचं वजन १८० धरलं, तर डिप्टेरोजचं वजन भरलं सुमारे १० लाख. त्यात नऊ वेगवेगळ्या साखरांचे मणी होते. म्हणजे ही एकसुरी माळ नाही, जत्रेतली रंगीबेरंगी माळ आहे म्हणा.

पुढे त्याच परंपरेत जपानी रेशमाच्या रानकिड्यातून 'सिल्करोज' सापडलं. आपलं नेहमीचं रेशीम ज्या तुतीवरच्या किड्यापासून मिळतं, त्याच्या कोषातही सिल्करोजचा भाऊबंद निघाला. मग २०१९ मध्ये ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांतून आणखी एक डिप्टेरोज निघालं. ओल्या कचऱ्यावर सोडून त्याचं खत करतात, त्या याच अळ्या.

इथं विदर्भातल्या वाचकांनी कान टवकारावेत. सिल्करोज ज्या जपानी रानकिड्यात सापडलं, तो 'अँथेरिया' या कुळातला आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा वाढवतात, तोही अँथेरियाच. दोघं चुलतभाऊ.

पेशी 'जाग्या' होतात म्हणजे काय?

आपल्या अंगात भक्षक पेशी असतात. इंग्रजी नाव मॅक्रोफेज. गस्तीवरचा हवालदार समजा. जिवाणू दिसला की त्याला गिळायचं, नायट्रिक ऑक्साइडसारखी रसायनं सोडायची आणि बाकीच्या फौजेला सांगावा धाडायचा, हे तिचं काम. पण जिवाणू आला हे तिला कळतं कसं? तिच्या अंगावर काही कड्या असतात. ठरावीक आकाराचा रेणू त्या कडीला लागला की आत घंटा वाजते. त्यातल्या एका कडीचं नाव टोल-लाइक रिसेप्टर ४. बऱ्याच जिवाणूंच्या बाहेरच्या भिंतीत लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू असतो. तो ही कडी जोरात वाजवतो.

या कडीची जन्मकथा भारी आहे. 'टोल' हे जनुक मुळात सापडलं केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटासारख्या माशीत. ते सापडल्यावर क्रिस्टियाना न्यूसलाइन-फोलहार्ड या जर्मन शास्त्रज्ञ बाई 'टोल!' म्हणून ओरडल्या, असं सांगतात. जर्मन भाषेत त्याचा अर्थ साधारण 'भारीच की!' तेच नाव पडलं. पुढे हेच जनुक माशीला बुरशीपासून वाचवतं हे ज्यूल्स हॉफमन यांनी दाखवलं, त्याचा सस्तन प्राण्यांतला भाऊ जिवाणू ओळखतो हे ब्रूस बॉयटलर यांनी दाखवलं आणि २०११ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता.

आता मुद्दा असा की डिप्टेरोज हीच कडी वाजवतं. शास्त्रज्ञांनी ती कडी रसायनानं बंद करून पाहिली, तर पेशींचा प्रतिसाद खाली आला. आणि घंटेचा आवाज? जवळपास लिपोपॉलिसॅकराइडच्या तोडीचा.

इथंच शंका घ्यायला हवी.

अळी काही निर्जंतुक डब्यात वाढत नाही. ती सडक्या फळात, कचऱ्यात, पाल्यात वाढते. तिच्या आतड्यात जिवाणू खच्चून भरलेले असतात. मग त्या अर्कात जिवाणूंचं लिपोपॉलिसॅकराइड किंचितही उतरलं असेल तर? पेशी जाग्या होणारच, पण श्रेय मिळणार अळीच्या साखरेला. हे म्हणजे भाजीला चव आली अजिनोमोटोमुळे आणि कौतुक झालं मसाल्याचं, असं झालं. ही अडचण फक्त किड्यांची नाही, 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' सगळ्याच वनस्पती आणि अळंब्यांच्या बहुशर्करांची आहे. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा पॉलिमिक्सिन नावाचं औषध घालून बघतात. ते लिपोपॉलिसॅकराइडला चिकटून त्याला निकामी करतं. त्यानंतरही पेशी जाग्या राहिल्या, तरच साखरेच्या नावावर गुण लिहायचे. तेव्हा अळी असो, अश्वगंधा असो की आणखी काही, 'मॅक्रोफेज सक्रिय झाले' असं कुणी सांगितलं की हा प्रश्न विचारून बघा. समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते लगेच समजतं.

दुसरा लाडका दावा म्हणजे 'अँटिऑक्सिडंट'. तो बहुतेक वेळा ज्या चाचणीतून येतो, तिच्यात एक गडद जांभळं रसायन घेतात आणि त्यात अर्क टाकतात. रंग जितका फिका पडेल तितका अर्क गुणी. चाचणी स्वस्त आहे, पटकन होते आणि शोधनिबंधात आलेख छान दिसतो. अळीच्या बहुशर्करा त्यात पास होतात हे खरंच आहे. पण चहाही पास होतो, कोकमाचं आगळही पास होतं. परीक्षानळीतला जांभळा रंग उडणं आणि माणसाच्या शरीरात काही फरक पडणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १० लाख वजनाचा रेणू आतड्याच्या भिंतीतून आहे तसा रक्तात शिरत नाही. त्याला जे काही करायचं ते आतड्यातच, तिथल्या पेशींशी आणि जिवाणूंशी संधान बांधून करावं लागतं.

मग याचा उपयोग काहीच नाही का? आहे. पण जिथं आपण बघत नाही तिथं.

उपयोग कोळंबीला

आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीची मोठमोठी तळी आहेत. आपल्याकडे पालघर, रायगडच्या खाडीकाठीही कोळंबी पाळतात. या धंद्यातला मोठा शत्रू म्हणजे व्हिब्रिओ जातीचे जिवाणू. तळ्यात रोग घुसला की थोड्या दिवसांत सगळं पीक साफ. माणूस किंवा गाय असती तर लस टोचली असती. पण कोळंबीच्या अंगात आपल्यासारख्या अँटिबॉडी तयारच होत नाहीत. तिच्याकडे आहे ती फक्त जन्मजात, सरसकट लढणारी प्रतिकारशक्ती. त्यामुळे घाबरलेला शेतकरी अँटिबायोटिक्सकडे वळतो. ती मांसात उतरतात, परदेशात तपासणीत सापडतात आणि माल परत येतो. युरोपीय महासंघानं २०१६ मध्ये भारतातून येणाऱ्या तळ्यातल्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं, ते याच कारणानं.

२०१८ मध्ये जपानमधल्या एहिमे विद्यापीठाच्या गटानं तुतीच्या रेशीमकिड्यातलं सिल्करोज कोळंबीला खाद्यातून दिलं आणि मग तिला व्हिब्रिओची लागण केली. सिल्करोज खाल्लेल्या कोळंब्या जास्त तगल्या. एहिमे हा जपानचा मत्स्यशेतीचा बालेकिल्ला, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या घरचाच होता. ज्या प्राण्याकडे जन्मजात प्रतिकारशक्तीशिवाय दुसरं हत्यारच नाही, त्याच्या बाबतीत ती घंटा आधीच वाजवून ठेवणं हा सरळ फायद्याचा सौदा आहे. माणसाचं गणित इतकं सरळ नाही. आपल्याकडे घंटा विनाकारण वाजत राहणं हाच संधिवातासारख्या कित्येक आजारांचा मूळ त्रास असतो. 'इम्युनिटी वाढली' हे ऐकायला कितीही गोड वाटलं तरी प्रत्येकाला ती वाढलेली परवडत नाही.

यात रेशीम उत्पादकांचाही संबंध येतो. मराठवाड्यात तुती लावणारे शेतकरी जालन्याच्या बाजारात किंवा थेट कर्नाटकात रामनगरला कोष विकायला नेतात. त्या ओल्या कोषाच्या वजनातला साधारण चार पंचमांश भाग आतल्या किड्याचाच असतो. रेशीम म्हणजे वरची पातळ टोपी. कोष उकळून धागा काढला की उरतो तो वास मारणारा ढीग. तो कुणी खत म्हणून वापरतं, कुणी कोंबड्यांना, माशांना घालतं. त्या ढिगातून कोळंबीच्या खाद्यात घालायची वस्तू निघत असेल, तर रील्समधल्या पावडरीपेक्षा ही बातमी मला जास्त महत्त्वाची वाटते.

पण माणसं खातातच की

हो, आणि नाक मुरडण्याआधी थोडं आजूबाजूला बघू. आसाममध्ये एरी रेशमाचा किडा म्हणजे 'एरी पोलू' आवडीनं खातात. तिथल्या कित्येक घरांत किडा हे मुख्य पीक आणि रेशीम जोडधंदा, असा उलटा हिशेब असतो. शहरात हेच एरी रेशीम 'अहिंसा सिल्क' म्हणून चढ्या भावात विकलं जातं, तो विषय वेगळा. नागालँडच्या बाजारात लाकडातल्या जाड अळ्या जिवंत विकायला असतात. कोरियात रेशीमकिड्याचे उकडलेले कोष 'बोंदेगी' म्हणून रस्त्यावर मिळतात आणि डबाबंदही मिळतात. चीनच्या ल्येनयुनगांग भागात सोयाबीनवरची हिरवीगार जाड अळी हा महागडा, मानाचा पदार्थ आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ च्या अहवालात खाल्ल्या जाणाऱ्या किड्यांच्या १,९०० हून अधिक जाती मोजल्या आहेत. युरोपीय महासंघानं २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्मला, म्हणजे पिठात होणाऱ्या एका भुंग्याच्या अळीला, अन्न म्हणून परवानगी दिली. सिंगापूरनं २०२४ मध्ये १६ जातींना दिली.

यांतलं कुणीही पहिल्यापासून बहुशर्करेसाठी अळी खात नव्हतं. चवीसाठी, प्रथिनांसाठी आणि सवयीनं खात होतं.

आणि हो, कीडाजडीची गल्लत इथं करू नका. उत्तराखंडच्या डोंगरात सोन्याच्या भावानं विकली जाणारी ती काडी म्हणजे अळीला आतून पोखरून वर आलेली बुरशी असते. तिच्यातल्या ज्या बहुशर्करेचं कौतुक होतं ती बुरशीची, अळीची नव्हे.

माणसावर प्रयोग झालेत का? अमेरिकेत २० निरोगी लोकांना १४ दिवस रोज २५ ग्रॅम रातकिड्याची पावडर नाश्त्यात दिली. २०१८ मध्ये निकाल आला. पोटातल्या एका चांगल्या जिवाणूचं प्रमाण ५.७ पट झालं आणि दाह दाखवणारं एक रसायन रक्तात कमी झालं. कायटिन आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य बनतं, या कल्पनेशी हे जुळतं. पण माणसं फक्त २०, दिवस १४, किडा रातकिडा (म्हणजे अळी नव्हे) आणि पावडर अख्ख्या किड्याची. तिच्यातल्या कुठल्या घटकानं काय केलं हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

उंदरांवरचा एक प्रयोग मात्र डोकं खाजवायला लावणारा आहे. आपल्या जठरात कायटिन तोडणारं एक विकर असतं. माणसांतही असतं, म्हणजे आपले पूर्वज किडे खात होते याची ही खूणच. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की कायटिन खाल्लं की उंदराचं जठर ताणलं जातं, तिथली प्रतिकारयंत्रणा जागी होते आणि ते विकर जास्त तयार होऊ लागतं. मग त्यांनी काही उंदरांतून ते विकरच काढून टाकलं. आता कायटिन पचेना. तर चरबीयुक्त खाणं खाऊनही सगळ्यात कमी वजन वाढलं ते याच उंदरांचं. म्हणजे फायदा पचण्यात नव्हता, न पचण्यात होता!

यावरून लगेच 'वजन कमी करणारं कायटिन' विकायला निघू नका. कायटिनवर प्रक्रिया करून केलेल्या कायटोसानच्या गोळ्या वजन घटवण्यासाठी वर्षानुवर्षं विकल्या जातायत. त्यावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र करून २००८ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा घट इतकी किरकोळ निघाली की तिचा व्यवहारात उपयोग असण्याची शक्यता कमीच, असा निष्कर्ष निघाला. कायटोसान खरं कामाला येतं ते जखमेवरच्या पट्टीत. रक्त थांबवायला ते झकास आहे.

पाकिटावरची प्रथिनं वाचतानाही कायटिन आठवा. अन्नातलं प्रथिन मोजायची नेहमीची रीत म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ नं गुणायचं. पण कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तोही प्रथिन म्हणून मोजला जातो. अळ्यांसाठी हा आकडा ४.७६ धरावा, असं मोजमाप करणाऱ्यांनी सुचवलं आहे. म्हणजे जुन्या हिशेबानं ६० ग्रॅम लिहिलेलं प्रथिन प्रत्यक्षात ४६ ग्रॅमच्या आसपास भरतं.

शेवटी, कुतूहल म्हणून मित्रानं आणलेलं परदेशी पाकीट फोडणार असाल तर एकच गोष्ट आधी आठवून बघा. तुम्हाला किंवा घरात कुणाला कोळंबी, खेकडा खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात का? ओठ सुजतात का? धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी आहे का? किडे आणि कोळंबी हे जवळचे नातेवाईक. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन दोघांतही जवळजवळ सारखंच असतं आणि कोळंबीवर चिडणारं शरीर अळीवरही तितकंच चिडू शकतं. शिजवलं म्हणून ते जात नाही. म्हणूनच युरोपात अळीच्या पाकिटावर ही सूचना छापणं बंधनकारक आहे. खाल्ल्यावर घसा आवळल्यासारखा झाला, दम लागला, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना काय खाल्लं ते न लाजता सांगा.